डुप्लिकेट इन्स्पेक्शन खरंच होतं का? नागरी विमान वाहतूक महासंचालकांना खुले पत्र

मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए),
सफदरजंग विमानतळासमोर, नवी दिल्ली.



8 जानेवारी 2003 रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास अमेरिकेतल्या शार्लट विमानतळावरून एअर मिडवेस्टचं 5481 क्रमांकाचं उड्डाण निघालं. बीचक्राफ्ट 1900डी हे दोन इंजिनांचं, एकोणीस आसनांचं छोटं विमान. शेजारच्याच राज्यातल्या ग्रीनव्हिल-स्पार्टनबर्गला जायचं होतं, थोडक्या वेळाचा प्रवास. चाकांनी धावपट्टी सोडली, नाक वर गेलं आणि वरच जात राहिलं. कॅप्टन पंचवीस वर्षांची मुलगी होती, सहवैमानिक तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. दोघांनी मिळून कंट्रोल पुढे रेटून धरला, तरी नाक खाली येईना. ते 54 अंशांपर्यंत वर गेलं, वेग संपला, पंखांखालचा आधार गेला आणि विमान विमानतळाच्याच आवारातल्या एका हँगरवर येऊन आदळलं. जमीन सोडल्यापासून जेमतेम 37 सेकंद झाले होते. विमानातले 21 च्या 21 जण गेले.

मी विमान देखभाल अभियंता होतो. नोकरीचा मोठा काळ छोट्या प्रशिक्षण विमानांच्या हँगरमध्ये गेला, आता निवृत्त आहे. बारामती, गोंदिया, धुळे, जळगाव, नागपूर इथं आज जी मुलंमुली विमान उडवायला शिकताहेत, त्यांच्या विमानांना रात्री कोण हात लावतो आणि त्या हातानंतर दुसरा कोणाचा हात लागतो का, एवढ्यासाठीच आपल्याला हे पत्र लिहितो आहे. शार्लटचा अपघात अमेरिकेतला असला, त्याला वर्षं लोटली असली, तरी आपल्याकडच्या कुठल्याही हँगरमध्ये एखाद्या रात्री जे होऊ शकतं ते तिथं झालं. म्हणून तो नीट सांगतो.

अपघाताच्या दोन रात्री आधी, 6 जानेवारीला, हे विमान वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टन इथल्या हँगरमध्ये नेहमीच्या तपासणीसाठी उभं होतं. शेपटीवरचा एलिव्हेटर, म्हणजे ज्याच्या हालचालीनं विमानाचं नाक वरखाली होतं तो भाग, कॉकपिटशी पोलादी केबलनं जोडलेला असतो. त्या केबलचा ताण कमी भरला. ताण वाढवायला टर्नबकल असतात. मंडपाच्या तारा ताणायला जो दोन्हीकडून पेच असलेला लोखंडी तुकडा वापरतात, तोच प्रकार, फक्त लहान आणि कितीतरी पटींनी नेमका. मेकॅनिकनं टर्नबकल फिरवले, ताण मोजला, तो बरोबर आला. पण या कामाची मॅन्युअलमधली पद्धत ताणापाशी संपत नाही. एलिव्हेटर पूर्ण वर किती जातो, पूर्ण खाली किती जातो, हे मोजून बसवायचं असतं. त्याला आम्ही रिगिंग म्हणतो. त्या रात्री त्या पद्धतीतल्या बऱ्याच पायऱ्या वगळल्या गेल्या, कारण काम फक्त ताण नीट करण्याचं आहे असं समजलं गेलं. टर्नबकल अशा तऱ्हेनं फिरले होते की एलिव्हेटर खालच्या दिशेला जेवढा जायला हवा त्याच्या निम्माच जात होता. साधारण चौदा अंशांच्या जागी सात. नाक खाली आणण्याची वैमानिकाची निम्मी ताकद त्या रात्री हँगरमध्येच राहिली.

त्या मेकॅनिकनं या जातीच्या विमानावर हे काम त्याआधी कधी केलेलं नव्हतं. काम करता करता शिकणं आमच्या धंद्यात नवीन नाही, सगळे तसेच शिकलो. त्याला शिकवायला एक क्वालिटी इन्स्पेक्टर शेजारी होता. पायऱ्या वगळायला त्याचीही संमती होती. आणि काम संपल्यावर ते बरोबर झालं आहे, असं तपासून सही करणाराही तोच होता.

महोदय, माझं जे काही म्हणणं आहे ते या एका गोष्टीपाशी येतं. शिकवणारा आणि तपासणारा एकच असला की तपासणी झालेलीच नसते. ज्यानं सांगितलं 'ही पायरी सोडून दे', त्याच्या डोळ्यांना पंधरा मिनिटांनी ती सुटलेली पायरी दिसणार नाही. यात त्या माणसाचा प्रामाणिकपणा कमी पडला असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या हातचं काम स्वतःला बरोबरच दिसतं, म्हणून तर आमच्या धंद्यात दुसऱ्या सहीचा नियम आला.

पुढचा भाग मला सगळ्यात अस्वस्थ करतो. त्या रात्रीनंतर हे विमान नऊ वेळा उडालं. नऊ वेळा सुखरूप उतरलं. वैमानिक बदलले, कुणालाही काही वेगळं जाणवलं नाही. विमान हलकं असताना, वजन पुढे असताना नाक खाली आणायला एलिव्हेटर फारसा खाली न्यावाच लागत नाही. निम्मी हालचालही पुरते. ब्लॅक बॉक्समध्ये मात्र त्या रात्रीनंतरच्या एलिव्हेटरच्या नोंदी आधीच्या नोंदींपासून स्पष्टपणे सरकलेल्या होत्या. ते कळलं अपघातानंतर, कारण रोज ते कोण बघतो?

दहाव्या उड्डाणाला विमान भरलेलं होतं. सगळी एकोणीस आसनं भरलेली, मागच्या खणात सामान. त्या काळी छोट्या विमानात प्रवाशांना तराजूवर उभं करत नसत, सरासरी वजन धरून हिशेब करत. त्या हिशेबानं विमान मर्यादेत होतं. प्रत्यक्षात ते जड होतं आणि वजनाचा मध्य मर्यादेच्या मागे गेला होता. अपघातानंतर अमेरिकी नियामकानं प्रवाशांची खरी वजनं घेतली, तेव्हा माणशी सरासरी गृहीत धरल्यापेक्षा 20 पौंडांहून जास्त निघाली. मागे वजन, म्हणून नाक वर. नाक वर, म्हणून कंट्रोल पुढे. आणि पुढे ढकललेला कंट्रोल निम्म्यातच अडलेला. आधीच्या नऊ उड्डाणांना न लागलेली ती दुसरी अर्धी हालचाल दहाव्या उड्डाणाला हवी होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं 2004 मध्ये अहवाल दिला. त्यात चुकलेलं रिगिंग आहे, चुकलेला वजनाचा हिशेब आहे, कंत्राटावर दिलेल्या कामाकडे कंपनीचं झालेलं दुर्लक्ष आहे, इन्स्पेक्टरनं न पाहिलेली चूक आहे. आणि त्याच यादीत तिथल्या नियामकाचं, म्हणजे आपल्या जागी तिथं जी संस्था आहे तिचं, नाव आहे. कंपनीच्या देखभालीवर आणि वजनाच्या पद्धतीवर तिनं पुरेशी देखरेख ठेवली नाही, असं मंडळानं स्वच्छ लिहिलं. या तपासाला शार्लटला धावून आलेले मंडळाचे सदस्य होते जॉन गोलिया. ते स्वतः परवानाधारक मेकॅनिक होते. मंडळावर पोहोचलेले पहिलेच. माझ्यासारख्याला या गोष्टीचा फार आधार वाटतो. हँगरमधला माणूस तपासाच्या टेबलावर बसलेला असला की प्रश्न बदलतात. 'कुणी चूक केली' हा प्रश्न असतोच, पण त्याच्या आधी 'त्या रात्री त्याच्या हातात कोणतं कार्ड होतं, मॅन्युअलचं कोणतं पान उघडं होतं आणि शेजारी कोण उभं होतं' हे विचारलं जातं.

हे एकदाच झालं असतं तर मी एवढा लांबलचक मजकूर लिहिला नसता. शार्लटच्या सुमारे अकरा वर्षं आधी, 11 सप्टेंबर 1991 ला, टेक्सासमधल्या ईगल लेकजवळ काँटिनेंटल एक्स्प्रेसचं एम्ब्राएर 120 हवेतच मोडून पडलं. शेपटीच्या आडव्या पंखाच्या कडेचे 47 स्क्रू आदल्या रात्री काढलेले होते आणि ते परत बसवलेच नव्हते. संध्याकाळची पाळी गेली, रात्रीची आली, हँडओव्हरमध्ये ते काम सांगायचं राहिलं. सकाळी विमान वेळेवर हँगरबाहेर. चौदा माणसं गेली. आणि स्क्रू काढायला मदत कुणी केली होती? क्वालिटीच्या इन्स्पेक्टरनंच. मेकॅनिकला हातभार लावायला तो वर चढला, काम पुढे जावं म्हणून. चांगल्या मनानं. पण ज्या क्षणी त्यानं स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, त्या क्षणी त्या विमानाचा तपासनीस कोणी उरला नाही.

आता आपल्याकडे येतो.

आपल्या नियमांत कमतरता नाही. कंट्रोलच्या कोणत्याही भागाला हात लागला की डुप्लिकेट इन्स्पेक्शन आहे. दोन स्वतंत्र माणसांनी, एकामागून एक, तेच काम पाहायचं. कागदावर हे इतकं साधं आहे. हँगरमध्ये काय असतं ते सांगतो. प्रशिक्षण विमानाच्या शेपटीत जागा जेमतेम हात जाईल एवढी. इन्स्पेक्शन पॅनल उघडायचं, तोंडात टॉर्च धरायचा, छोटा आरसा आत घालून टर्नबकलवरची लॉकवायर बघायची. वायर बरोबर दिशेला वळली आहे का, टोक आत दुमडलं आहे का, पेचाचे धागे बाहेर दिसताहेत का. बोटांना वायर टोचते, रक्त येतं. ते बघून झालं की एकानं कॉकपिटमध्ये बसायचं, दुसऱ्यानं बाहेर, एलिव्हेटरवर कोन मोजायचं उपकरण लावून. 'वर', 'खाली', 'थांब' अशी हाकाहाक चालते. मनापासून केलं तर यातच अर्धा पाऊण तास जातो. आणि हे सगळं पहिल्या माणसानं एकदा केलेलं असतं. दुसऱ्याला वाटतं, त्यानं बघितलंय की. सकाळी सहाला पहिली सॉर्टी, म्हणजे पहिलं उड्डाण आहे. बाहेर मुलं उभी आहेत.

त्या मुलांचाही दोष नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला 200 तास लागतात. आईबापांनी जमीन विकून, कर्ज काढून लाखो रुपये भरलेले असतात. ऊन वाढायच्या आत जेवढे तास होतील तेवढे करायचे असतात, पावसाळ्यात तेही नाहीत. एक विमान जमिनीवर बसलं की पाच मुलांचं वेळापत्रक कोसळतं. संस्थेच्या ऑफिसातून फोन येतो, 'विमान कधी सोडताय?' हा प्रश्न विचारणारा माणूस वाईट नसतो, पण त्या प्रश्नाच्या ओझ्याखाली दुसरी सही कागदावर तेवढी उरते. दुसरा माणूस आरसा न घालताच सही करतो. कधी तो हँगरमध्ये त्या वेळी नसतोही. हे मी एका संस्थेबद्दल सांगत नाही. आमच्या धंद्यातल्या कुठल्याही माणसाला एकांतात विचारा, तो नजर चुकवील किंवा 'हो' म्हणेल.

आपल्याला आठवत असेल, जुलै 2022 मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत एक सेसना 152 शेतात कोसळलं, एकटी उडवत असलेली प्रशिक्षणार्थी मुलगी जखमी झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमानं चार दिवसांत पडली. त्यानंतर आपल्या कार्यालयानं त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं, हे योग्य केलं. या सगळ्यांचं कारण एकच होतं असं मी म्हणत नाही. पण थांबवायची वेळ विमान शेतात गेल्यावर का यावी, हा प्रश्न इथल्या शेतकऱ्यालाही पडतो. ज्याच्या उसात विमान येतं त्यालाही तो विचारायचा अधिकार आहे.

2025 पासून आपण प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी जाहीर करायला लागलात. पहिल्या यादीत सर्वांत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती. ही कडक मोजणी केल्याबद्दल मी आपले मनापासून आभार मानतो. मात्र आईबाप ती यादी वाचतात तेव्हा त्यांना एकच अक्षर दिसतं. त्या अक्षरात विमानांची देखभाल किती आणि बाकीचं किती, हे त्यांना कळत नाही. मुलीला एकटीला विमानात बसवायचं ठरवताना बाप काय बघणार? वसतिगृह चांगलं आहे का, तास लवकर होतात का, हेच बघतो. हँगरचं काय, हे विचारायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. माझी पहिली विनंती ही की देखभालीचा रकाना वेगळा छापावा. त्या संस्थेत परवानाधारक अभियंते किती, विमानं किती, मागच्या वर्षी किती वेळा इंजिन किंवा कंट्रोलच्या बिघाडामुळे उड्डाण सोडावं लागलं, आपल्या तपासणीत देखभालीचे किती दोष निघाले आणि किती दुरुस्त झाले. हे आकडे आपल्याकडे असतात. ते आईबापांकडेही असू द्यावेत.

दुसरी विनंती डुप्लिकेट इन्स्पेक्शनच्या फॉर्मची. आज तिथं टिकमार्क चालतो. टिकमार्कऐवजी मोजलेला अंश लिहायला लावा. एलिव्हेटर वर इतके अंश, खाली इतके अंश, केबलचा ताण इतका. पहिल्यानं मोजलेला आकडा वेगळा आणि दुसऱ्यानं मोजलेला वेगळा, दोन रकान्यांत, वेळ घालून. दोन माणसांची मोजमापं कधीही अगदी एकसारखी येत नाहीत, थोडा फरक पडतोच. सगळ्या फॉर्मवर दोघांचे आकडे तंतोतंत जुळले तर आपल्या निरीक्षकाला काय झालं ते हँगरमध्ये न जाताही कळेल. हंटिंग्टनच्या त्या रात्री असा एक रकाना कुणाला भरावा लागला असता, तर 'खाली: सात' असं लिहिताना हात थांबला असता. आणि स्वच्छ लिहा की ज्यानं ते काम शिकवलं किंवा त्यात हात घातला, त्याची दुसरी सही चालणार नाही. शिकाऊ माणसाच्या पहिल्या कामावर तिसऱ्याची नजर असली पाहिजे. छोट्या संस्थांत माणसं कमी असतात, हे मला माहीत आहे. मग त्या दिवशी विमान थांबेल. ते थांबू द्यावं.

आपल्या माणसांबद्दलही बोललं पाहिजे. संसदेच्या स्थायी समितीनं 2025 मध्ये डीजीसीएतली जवळपास निम्मी पदं रिकामी असल्याचं नोंदवलं. निम्म्या माणसांत एअरलाइन्स, विमानतळ, ड्रोन आणि प्रशिक्षण संस्था बघायच्या म्हटल्यावर धुळ्याच्या हँगरमध्ये रात्री अकरा वाजता कोण जाणार? आपला निरीक्षक दुपारी येतो, कागद बघतो, चहा घेतो. विमानाचं काम मात्र रात्री होतं. वर्षातून एकदा, न कळवता, रात्रीच्या पाळीला माणूस पाठवा. तो मेकॅनिकच्या परवान्यावरचा असावा, जॉन गोलियांसारखा, कारण टर्नबकलला स्वतः हात लावलेल्या माणसाला काय बघायचं ते सांगावं लागत नाही.

आणि हँगरमधला कुणी स्वतःहून येऊन म्हणाला, 'साहेब, काल माझ्या हातून एक गोष्ट राहिली', तर त्याला संरक्षण द्या. दंड, निलंबन, परवाना काढून घेणं या भीतीनं तो बोलणार नाही, आणि तो बोलला नाही तर त्या विमानाची नऊ उड्डाणं सुखरूप होतील. या माणसांना जिवाची पर्वा नसते असं कृपया समजू नये. 28 जून 2018 ला घाटकोपरच्या जागृतीनगरमध्ये किंग एअर सी-90 पडलं. जुहूहून निघालेलं ते दुरुस्तीनंतरचं चाचणी उड्डाण होतं. दोन वैमानिकांबरोबर देखभाल करणारे दोघंही त्यात बसले होते, चौघंही गेले, आणि खाली रस्त्यावरचा एक माणूसही गेला. त्या अपघाताचं कारण मी इथं चर्चेला घेत नाही. एवढंच सांगतो की आपण सही केलेल्या विमानात आमची माणसं स्वतः बसतात.

तपासाच्या वेगाबद्दल एक उदाहरण देतो. 4 सप्टेंबर 2022 ला अमेरिकेच्या वायव्य टोकाला, म्युटिनी बे नावाच्या खाडीत, एक डीएचसी-3 ऑटर सी-प्लेन कोसळलं. दहा माणसं गेली. अवशेष खोल पाण्यातून काढावे लागले. तरी दोन महिन्यांच्या आत त्याच अमेरिकी मंडळानं सांगितलं की शेपटीतल्या ट्रिमच्या यंत्रणेचा एक नट आट्यांवरून सुटत गेला, आणि तो सुटू नये म्हणून जी तारेची छोटी कडी असायला हवी ती तिथं नव्हती. अंतिम अहवालाची वाट न पाहता जगातली त्या जातीची सगळी विमानं तपासायला सांगितली गेली. प्रशिक्षण विमानांच्या बाबतीत आपल्याकडे असं व्हावं. अपघात तपास ब्युरोनं सुरुवातीला जे सापडलं ते आपण लगेच सगळ्या संस्थांच्या हँगरमध्ये पोहोचवावं, दोन पानांत, चित्रासकट. गोंदियात जे सापडलं ते बारामतीच्या मेकॅनिकला त्याच आठवड्यात कळायला हवं. आज त्याला ते व्हॉट्सअॅपवर कळतं, तेही अर्धं.

शार्लटची एक गोष्ट सांगायची राहिली. मेलेल्यांच्या घरच्यांनी नुकसानभरपाईबरोबर कंपनीकडे आणखी एक मागणी लावून धरली होती. चूक आमची होती, असं तोंडानं आणि चारचौघांत सांगा. मे 2005 मध्ये विमानतळाजवळ, स्मारकापाशी, एअर मिडवेस्टच्या अध्यक्षानं कुटुंबांसमोर उभं राहून ते सांगितलं. वकिलांचा सल्ला अशा वेळी काय असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी तो माणूस उभा राहिला. आपल्याकडे मूल गेलेल्या घरी संस्थेचा माणूस फुलं घेऊन येतो, विम्याचा कागद येतो आणि पुढे वर्षानुवर्षं घरच्यांना तपास कुठवर आला हेही कुणी कळवत नाही. तपास चालू असताना दर तीन महिन्यांनी कुटुंबाला, त्यांच्या भाषेत, एक पत्र गेलं पाहिजे, असा नियम करायला आपल्याला संसदेची वाट बघावी लागू नये.

प्रशिक्षण संस्थांची पुढची क्रमवारी आपण जाहीर कराल, तेव्हा तिच्यात देखभालीचा वेगळा रकाना असेल का, आणि कंट्रोल सिस्टीमच्या फॉर्ममध्ये मोजलेल्या अंशांच्या दोन जागा असतील का, या दोन प्रश्नांची उत्तरं आपण जाहीरपणे द्यावीत. फॉर्म कसा असावा याचा हाताने आखलेला नमुना या पत्राच्या टपालानं पाठवलेल्या प्रतीला जोडला आहे. त्यात काही कमी असेल तर आपल्या अधिकाऱ्यांनी मला बोलवावं. दिल्लीला येईन, नाहीतर कुठल्याही हँगरमध्ये येईन.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता